प्रयोगाला मोकळीक, खर्चाला लगाम: धंद्यात नवेपणा आणि शिस्त एकत्र चालवण्याची पद्धत

शिस्त लावली की नवं सुचणं बंद होतं आणि नव्याच्या मागे लागलं की घडी विस्कटते, असं बऱ्याच मालकांना वाटतं. खरी गडबड असते ती दोन्ही कामांना एकच माप लावण्यात. रोजच्या उत्पादनात चूक होऊच नये म्हणून धडपडायचं असतं. प्रयोगात चूक होणारच, ती लवकर आणि थोड्या पैशात व्हावी एवढंच पाहायचं असतं. तेव्हा दोन्हींचे पैसे, वेळ आणि मोजमाप आधी वेगळं काढा.

माप चुकलं की मोठ्या कंपन्यासुद्धा हेलपाटतात. प्लॅस्टिकचे जोडठोकळे बनवणाऱ्या लेगो या खेळण्यांच्या कंपनीने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात थीम पार्क, व्हिडिओ गेम, कपडे असे अनेक नवे उद्योग एकदम काढले. खेळण्यांच्या वेगवेगळ्या सुट्या भागांची संख्याही १२ हजारांच्या पुढे गेली. प्लॅस्टिकच्या प्रत्येक नव्या आकाराला महागडा साचा लागतो, शिवाय त्याचा वेगळा साठा ठेवावा लागतो. २००३ आणि २००४ मध्ये कंपनीला जबर तोटा झाला. २००४ मध्ये योर्गेन विग क्नूडस्टॉर्प यांनी सूत्रं हाती घेतली. सुट्या भागांची संख्या भरपूर कमी झाली, पुढच्या वर्षी थीम पार्कमधला मोठा हिस्सा विकला गेला आणि डिझाइनरांना शक्यतो हाताशी असलेल्या भागांतूनच नवं घडवायला सांगितलं गेलं. कंपनी सावरली ती या मर्यादेत राहून केलेल्या नव्या खेळण्यांवर.

थ्रीएम या अमेरिकी कंपनीत उलटं घडलं. तिथे १९४८ पासून संशोधकांना १५ टक्के वेळ स्वतःच्या कल्पनेवर घालवायची मुभा होती. स्पेन्सर सिल्व्हर यांना १९६८ मध्ये हलकेच चिकटणारा आणि सहज सुटणारा डिंक सापडला. त्याचा उपयोग आर्ट फ्राय यांना १९७४ मध्ये सुचला आणि पोस्ट-इट (चिकटवून सहज काढता येणारे टिपणाचे कागद) अमेरिकाभर विकायला आलं १९८० मध्ये. २००१ नंतर कंपनीत सिक्स सिग्मा ही कामातल्या चुका मोजून कमी करण्याची काटेकोर पद्धत सगळीकडे लागू झाली. कारखान्यात तिचा फायदा झाला, पण प्रयोगशाळेलाही तेच माप लागल्याने दूरच्या कल्पना मागे पडू लागल्या. पुढच्या प्रमुखांना संशोधकांसाठी ती सैल करावी लागली. बारा वर्षं रखडलेली कल्पना तिमाही तपासणीत कशी टिकणार?

पैसे आधी बाजूला काढा

तीन महिन्यांचा ठरलेला खर्च (पगार, भाडं, हप्ते, बिलं) हाताशी असल्याशिवाय प्रयोगाला हात घालू नका. त्यानंतर मागच्या वर्षीच्या निव्वळ नफ्यातली साधारण १० टक्के रक्कम वेगळ्या खात्यात टाका. गुगलमुळे ७०-२०-१० ही विभागणी बरीच प्रसिद्ध झाली: ७० टक्के जोर मुख्य धंद्यावर, २० त्याला लागून असलेल्या कामांवर, १० अगदी नव्यावर. सुरुवातीला अंदाज म्हणून ती चांगली आहे. नफा तुटपुंजा असेल तर शेवटचा आकडा ५ वर आणा. वेगळं खातं मात्र हवंच. एकाच खात्यातून खर्च झाला, तर प्रयोगाने किती खाल्लं ते वर्षाअखेरीस कुणालाच सांगता येत नाही.

प्रयोगाचा एक कागद

प्रत्येक प्रयोगाला एक पान. त्यावर पाच गोष्टी: कोणता प्रश्न तपासायचा आहे, त्यातलं सर्वांत कच्चं गृहीतक कोणतं, जास्तीत जास्त खर्च किती, शेवटची तारीख आणि कुठे थांबायचं.

समजा, बॅगा शिवणाऱ्या कारखान्याला पाण्याने न भिजणारी बॅग आणायची आहे. बॅग शिवता येईल का, हा कच्चा दुवा नाही. ती शिवता येणारच. गिऱ्हाईक नेहमीच्या बॅगेपेक्षा २५ टक्के जास्त देईल का, हा आहे. म्हणून ६० नग शिवायचे आणि सहा आठवडे विकायचे. पूर्ण किमतीला किमान ४० गेले आणि परत आलेले ३ पेक्षा जास्त नसतील, तर पुढे जायचं. २५ पेक्षा कमी गेले तर थांबायचं. मधला आकडा आला, किंवा विक्री होऊनही जास्त नग परत आले, तर एकच गोष्ट बदलून एकदाच पुन्हा करून पाहायचं. सवलतीत गेलेले आणि ओळखीच्यांनी घेतलेले नग मोजायचे नाहीत.

हे आकडे पहिलं कापड कापण्याआधी लिहा. नंतर लिहिले की ते हाती आलेल्या विक्रीला जुळवून घेतले जातात आणि फसलेला प्रयोग आणखी सहा महिने पैसे खातो. आमच्या मते सगळ्या पद्धतीत हीच शिस्त सर्वांत महत्त्वाची, आणि सर्वांत जास्त मोडली जाते तीही हीच.

आणखी एक. प्रयोगातले नग सहसा सर्वांत कसबी कारागीर शिवतो. रोजच्या उत्पादनात ते सगळ्यांच्या हातात जातात आणि मग शिवणीतून पाणी शिरतं. त्यामुळे ६० पैकी शेवटचे २० नग साध्या कारागिराकडून, लिहून दिलेल्या कृतीवरून शिवून घ्या. ते नग बिघडले तर कृती अजून कच्ची आहे, माल बाजारात नेण्याजोगा नाही.

वैविध्याचा लपलेला खर्च

नवा नमुना वाढवताना कच्च्या मालाचा हिशेब होतो, काम बदलताना जाणारा वेळ धरला जात नाही. आठ तासांच्या पाळीत नमुना बदलायला (दोरा, चेन, मापाचे साचे, पहिल्या नगाची तपासणी) प्रत्येक वेळी २० मिनिटं लागतात असं धरा. दिवसात तीन बदल असतील तर एक तास जातो, सात उरतात. नऊ बदल झाले तर तीन तास जातात, पाच उरतात. पगार तेवढाच, उत्पादन जवळपास २९ टक्क्यांनी कमी. म्हणजे नगामागे मजुरी ४० टक्क्यांनी वाढली, आणि ती जुन्या, चांगल्या खपणाऱ्या मालावरही चढली.

यावर उपाय म्हणजे एक नमुना आत आला की एक बाहेर. दर तिमाहीला प्रत्येक नमुन्याची किंमत घ्या, त्यातून साहित्य, मजुरी आणि परतीचा खर्च वजा करा, उरलेल्या रकमेला यंत्राच्या लागलेल्या तासांनी भागा. यादीतला तळाचा नमुना काढायचा. काढण्यापूर्वी एवढं बघा की एखादा मोठा ग्राहक तो दुसऱ्या मालासोबत घेतो का. घेत असेल तर आधी त्याच्याशी बोला.

माणसं आणि वेळ

दहाजणांच्या चमूत एका वेळी दोनच प्रयोग. त्यांना आठवड्यातला ठरावीक अर्धा दिवस द्या. ऑर्डरींची घाई झाली की पहिला बळी याच अर्ध्या दिवसाचा जातो. सलग दोनदा तो गेला तर वार बदला किंवा प्रयोग रीतसर बंद करा; अर्धवट लटकलेलं काम माणसांचं मन आणि गोदाम दोन्ही अडवतं. लहानशा नमुन्याच्या खरेदीला तीन सह्या लागत असतील तर ती शिस्त नव्हे, नुसता उशीर आहे. ठरावीक रकमेपर्यंत प्रयोगप्रमुखाला न विचारता खर्च करू द्या, पावती मात्र आठवड्यात जमा झाली पाहिजे.

नियमांचीही वर्षातून एकदा झाडाझडती घ्या. ज्याचं कारण कुणालाच सांगता येत नाही तो नियम महिनाभर बाजूला ठेवा. काही बिघडलं नाही तर रद्द करा. सुरक्षा, कर आणि हिशेबाचे नियम यातून वगळा.

मालकाची कल्पना

सगळं इथे अडतं. मालकाला रात्री काहीतरी सुचतं आणि सकाळी सगळे हातचं काम टाकून त्यामागे लागतात. त्याच्या कल्पनेलाही तोच एक पानाचा कागद, तेच खातं, तीच रांग. आढाव्याच्या दिवशी थांबण्याचा आकडा आधी वाचायचा, मग विक्रीचा, आणि हे वाचन मालकाने न करता प्रयोग ज्याच्याकडे आहे त्याने करायचं. थांबायचं ठरलं तर त्याच बैठकीत उरलेलं कापड आणि चेन कोणत्या नमुन्यात वापरायच्या ते ठरवा, आणि कागदाच्या मागे गृहीतक कुठे चुकलं ते दोन ओळींत लिहून फाइलला लावा.