आंबोलीच्या पावसात चार मिनिटांची फिल्म

जूनअखेर लग्नांचे मुहूर्त संपले की माझा कॅमेरा मोकळा होतो. मग सावंतवाडीहून तीसेक किलोमीटर घाट चढून मी आंबोलीला जातो. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारी ही जागा आहे, त्यामुळे इथे पाऊस थांबायची वाट बघायची नसते.

पहिल्या वर्षी बेडूक, खेकडे, साप, धबधबे, जे दिसलं ते सगळं टिपलं. घरी येऊन एडिटला बसलो तर हातात गोष्टच नव्हती. तेव्हापासून एक प्राणी, एक जागा आणि एकच घटना एवढंच धरतो. माझी घटना म्हणजे मलबारी उडत्या बेडकाचं फेसाचं घरटं. पाण्यावर झुकलेल्या पानांत मादी मागच्या पायांनी फेस घुसळते आणि त्यात अंडी घालते. साधारण आठवडाभराने पिल्लं त्या फेसातून सुटून खाली पाण्यात पडतात. गोष्टीला आरंभ आणि शेवट निसर्गानेच दिलाय.

जागा दिवसाउजेडी शोधा. साचलेलं पाणी आणि त्यावर वाकलेली फांदी दिसली की तिथेच संध्याकाळी परत या आणि टॉर्च बंद करून नुसतं ऐका. नर बोलत असतील तर जागा बरोबर आहे. अभयारण्याची किंवा राखीव जंगलाची हद्द असेल तर वनखात्याची लेखी परवानगी आधी काढा, आणि गावातला एक जाणता माणूस सोबत घ्या. फांदीला हात लावण्याआधी टॉर्चने वरपासून खालपर्यंत बघा. मलबारी चापडा हा साप पानासारखाच निपचित बसतो आणि तो विषारी आहे.

घरटं झालं ती तारीख वहीत लिहा. पहिल्या रात्री फक्त लांबून शूट करा. मी एकदा लग्नातला मोठा एलईडी पॅनल थेट नरावर धरला. तो गप्प झाला, मग शेजारचे गप्प झाले, आणि त्या रात्री तिथे पुन्हा कोणी बोललं नाही. त्या शांततेची मला आजही टोचणी आहे. आता लहान टॉर्चवर बटर पेपर लावून बाजूने उजेड देतो. दोन-तीन मिनिटं शूट केलं की काळोख. पान सारखं करणं, फांदी बांधणं, बेडूक उचलून ‘बऱ्या’ पानावर ठेवणं, यातलं काहीही करायचं नाही.

सेकंदाला २५ फ्रेम असतील तर शटर १/५० सेकंद ठेवा. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, ३२०० पर्यंत गेला तरी चालेल, चित्रात थोडे दाणे दिसलेले बरे. पिल्लू पडतानाचा शॉट मात्र वेगळा घ्यावा लागतो. ट्रायपॉड पाण्याच्या पातळीजवळ लावा, मागे काळोख येईल असा कोन धरा आणि फोकस हाताने फेसाच्या खालच्या टोकावर पक्का करा. कॅमेऱ्यात स्लो मोशनसाठी सेकंदाला १०० फ्रेमची सोय असेल तर इथेच वापरा. त्यानंतर फक्त बसायचं. गेल्या वर्षी त्या एका थेंबासाठी मी चार रात्री बसलो, आणि पहिलं पिल्लू पडलं तेव्हा अंगावर काटा आला.

ओलावा लेन्सचा वैरी. गाडीचा एसी घाटात शिरतानाच बंद करा, नाहीतर थंड काचेवर बाहेरची वाफ धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर सुकवा, पण स्वयंपाकाच्या नव्हे, वेगळ्या कढईत. कॅमेऱ्यावर छत्री धरलीत तर थेंबांचा ताडताड आवाज माइकमध्ये शिरतो, म्हणून छत्रीवर जुना टॉवेल टाका. जळवा चढणारच. पायमोजे पँटवर ओढून घ्या आणि मीठाची पुरचुंडी खिशात ठेवा, पण ते मीठ पाण्यात पडू देऊ नका. एका पाण्यातून दुसऱ्याकडे जाताना बूट धुऊन सुकवा. बेडकांना मारणारी बुरशी चिखलातून पसरू शकते.

आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घ्या. दर रात्री किमान पाच मिनिटं, कोणीही न हलता. एडिट करताना मी आधी हा आवाजच टाइमलाइनवर टाकतो आणि मग चित्रं त्यावर बसवतो. निवेदन जितकं कमी लिहाल तितकं बरं. नर बोलत असताना माणसाने बोलू नये, असं मला मनापासून वाटतं.

फिल्म टाकताना ‘आंबोली’ एवढंच लिहा. क्लिपमधलं लोकेशन काढून टाका, ओळखू येईल असा दगड किंवा पूल फ्रेममध्ये ठेवू नका. माझ्या एका फोटोवरून लोकांनी जागा हुडकली होती. पुढच्या शनिवारी गेलो तर फांदी मोडून पाण्यात पडलेली, आणि फेस काठाच्या चिखलात मिसळलेला.