ताप आला तर डॉक्टरला आधी धंदा सांगा

मागच्या पंधरवड्यात तीन पोरांचे फोन आले. तिघंही पशुवैद्यकची, दोघं नागपूरची आणि एक अकोल्याचा. प्रश्न एकच: "सर, वन हेल्थमध्ये जायचंय, सुरुवात कुठून करू?" वन हेल्थ म्हणजे माणूस, जनावर आणि पर्यावरण यांचं आरोग्य एकत्र बघायचं काम. मी तिघांनाही आधी विचारलं, कृत्रिम रेतनाचे, खांद्यापर्यंतचे लांब हातमोजे बॅगेत असतात का? एकाला वाटलं मी टाळतोय.

टाळत नव्हतो. माझ्या आयुष्यातले सात महिने त्या हातमोज्यांपायी गेले, म्हणून विचारलं.

मी यवतमाळ जिल्ह्यातला. घरी सहा एकर कोरडवाहू वावर, कपाशी आणि तूर. पदवी झाली, एमपीएससीत पशुधन विकास अधिकाऱ्याची जागा दोनदा हुकली आणि एका संस्थेच्या प्रकल्पावर अकरा महिन्यांच्या कंत्राटावर लागलो. डोक्यात मात्र रोम आणि जिनिव्हा, म्हणजे मोठ्या जागतिक संघटनांची मुख्यालयं. खोलीच्या भिंतीवर जगाचा नकाशा होता, खोटं कशाला सांगू.

एफएओ (अन्न आणि शेती), डब्ल्यूएचओ (माणसांचं आरोग्य), पॅरिसची जागतिक पशुआरोग्य संघटना आणि 2022 मध्ये त्यांना येऊन मिळालेली यूएनईपी (पर्यावरण), ही वन हेल्थची चौकडी तुम्हाला पाठ असेलच. मला फार उशिरा कळलं ते एवढंच, की यांतल्या कुणाचीही गाडी तुमच्या गावात येत नाही. पॅरिसवाले निकष ठरवतात. कोणता रोग कळवायचा, देश रोगमुक्त केव्हा म्हणायचा, लस कोणत्या दर्जाची हवी, हे त्यांचं काम. पैसा सरकारचा असतो. लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस (गुरं गाभडवणारा, माणसालाही लागणारा रोग) यांच्या लसीकरणाचा राष्ट्रीय कार्यक्रम 11 सप्टेंबर 2019 ला मथुरेत सुरू झाला, पाच वर्षांसाठी 13,343 कोटी, सगळा खर्च केंद्राचा. पण सुई टोचतो तो तालुक्याचा पशुधन पर्यवेक्षक, तेही उन्हाळ्यात, बिल्ला मारताना गाईच्या दोन लाथा खाऊन. बारा आकड्यांचा तो पिवळा बिल्ला कानात बसल्याशिवाय दिल्लीच्या हिशेबात ती गायच नाही. आणि बिल्ल्यानं कानात किडे पडतात, दूध आटतं, असं गावात एकदा पसरलं की पुढचे आठ दिवस तुम्हाला गोठे रिकामे सापडतात. मग संस्थेचा माणूस पारावर बसून समजूत घालतो. मी तो माणूस होतो.

ही साखळी चालते, हेही खरं. आमच्या आजोबांच्या तोंडी बुळकांडीच्या, गुरांच्या त्या जीवघेण्या साथीच्या गोष्टी होत्या, दावणीच्या दावणी रिकाम्या झाल्याच्या. 1920 मध्ये हाच रोग बेल्जियममध्ये पोचला, तोही भारताकडून ब्राझीलला निघालेल्या गुरांमार्फत, वाटेत अँटवर्प बंदर लागलं म्हणून. त्या धसक्यातून 1924 मध्ये 28 देशांनी पॅरिसची ती संघटना काढली. 2011 मध्ये बुळकांडी जगातून संपल्याचं जाहीर झालं. माझ्या पिढीच्या एकाही पशुवैद्यानं हा रोग डोळ्यानं पाहिलेला नाही. कंटाळा आला, पगार थकला, की मी हे स्वतःला सांगतो.

आता मुद्द्यावर येतो. इथं मी लांबण लावणार आहे, कंटाळलात तरी वाचा.

श्रावणातली रात्र. नऊ वाजता फोन, गाय आठव्या महिन्यात गाभडली (गर्भपात झाला), वार (झार) पडली नाही. बॅग उघडली तर लांब हातमोजे संपलेले. पाऊस, चिखल, मोबाइलच्या टॉर्चचा उजेड. मालक म्हणे, "हात घाला ना साहेब, आमी तं हातानंच काढतो." मी बाही वर केली आणि हात घातला. उजव्या हाताच्या बोटाला दुपारी तारेनं ओरखडलेलं होतं. अर्धा तास खपून वार काढली. मालकानं चहा पाजला. शाबासकी मिळाली, ती मला फार आवडली.

गाभणपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत गाय गाभडली, तर ब्रुसेलोसिस नाही असं सिद्ध होईपर्यंत तो ब्रुसेलोसिसच समजायचा. त्या वारेत, त्या पाण्यात, त्या मेलेल्या वासरात जंतू खच्चून भरलेले असतात. जखमेतून, डोळ्यात उडालेल्या थेंबातून, श्वासातून, कच्च्या दुधातून ते माणसात येतात. शिवाय हातानं वार ओढणं गाईच्या गर्भाशयालाही बरं नसतं, म्हणजे मी दोघांचंही वाटोळं करत होतो. हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं. डेव्हिड ब्रूसनं 1887 मध्ये माल्टात हा जंतू शोधला, हे परीक्षेत लिहून मार्क घेतलेत मी.

तीन आठवड्यांनी संध्याकाळचा ताप सुरू झाला. सकाळी ठणठणीत, दिवेलागणीला थंडी, रात्री घामानं चादर ओली. पहिल्या डॉक्टरांनी विडाल करून टायफॉइड म्हटलं. दुसऱ्यांनी मलेरियाच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्यांनी कंबरदुखी ऐकून मणक्याचा फोटो काढला. वजन नऊ किलो उतरलं. सगळ्यांनी विचारलं, बाहेरचं पाणी प्यालात का? काम काय करता, हे कुणीच विचारलं नाही. आणि मीही सांगितलं नाही.

का नाही सांगितलं? याचं उत्तर द्यायला अजून लाज वाटते. कंत्राट संपत आलं होतं, आजारी माणसाचं नूतनीकरण कोण करतो? हातमोज्याविना हात घातला हे कबूल करायचं नव्हतं. आणि पशुवैद्य म्हणून मी स्वतःला गुरांच्या रोगाच्या पलीकडचा समजत होतो. पाच महिने असे गेले. मग वर्ध्याकडच्या एका मोठ्या दवाखान्यात एका शिकाऊ डॉक्टरणीनं केसपेपर भरताना मान वर न करता विचारलं, "धंदा?" मी सांगितलं, आणि तिनं पेन खाली ठेवलं. दोन दिवसांत निदान झालं. डॉक्सिसायक्लिन आणि रिफाम्पिसिन, सहा आठवडे. लघवी केशरी होते, घाबरू नका. पंधरा दिवसांत ताप जातो, तेव्हा गोळ्या सोडायचा मोह होतो. सोडल्या तर दुखणं उलटतं.

म्हणून पाठ करा. ताप आठवड्याच्या वर गेला की दवाखान्यात पहिलं वाक्य हे: "मी गुरांचं बाळंतपण करतो, ब्रुसेलाची तपासणी करा." रक्ताचं कल्चर लावणार असतील तर लॅबला आधी कळवायला सांगा, कारण जंतू सावकाश वाढतो आणि लॅबवाल्यालाही लागतो. दुसरी गोष्ट लसीची. चार ते आठ महिन्यांच्या कालवडी-वगारींना आयुष्यात एकदा टोचतो ती लस जिवंत जंतूची असते. कालवड उसळली आणि सुई तुमच्या अंगठ्यात गेली तर हसून सोडू नका, लपवूही नका. धुवा आणि त्याच दिवशी ती बाटली घेऊन डॉक्टरकडे जा. वापरलेल्या सुईला टोपण परत लावू नका. गाभडलेल्या गाईजवळ जाताना लांब हातमोजा, त्यावर रबरी आखूड हातमोजा, चष्मा, मास्क. वार आणि वासरू चुना टाकून खोल पुरायचं, कुत्र्यांपुढे फेकायचं नाही.

धीरही देतो. हा रोग बरा होतो. मी आज रोज साठ किलोमीटर मोटारसायकल चालवतो. थंडीत कंबर धरते, तेवढंच.

बाकी सल्ला थोडक्यात. ऑनलाइन प्रमाणपत्रं गोळा करू नका. माझ्याकडे अकरा आहेत, मुलाखतीत एकाबद्दलही कुणी विचारलं नाही. रोज सकाळी फेलोशिपच्या लिंका पाठवणारे सीनियर म्हणजे गुरू नव्हेत. माझे गुरू तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यातले व्रणोपचारक (मलमपट्टी करणारे) काका, दहावी शिकलेले. गाय गाभडलेली दिसली की आधी दोन पावलं मागे या, हे त्यांनी मला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. मी ऐकलं नाही, कारण मी डॉक्टर होतो.

संस्थेत जाणार असाल तर विचारा, प्रकल्प कोणत्या मार्चमध्ये संपतो आणि नंतर लसीचा फ्रिज कोण चालवणार. उत्तर नसेल तरी जा, शिकायला मिळतं, पण घराचा हप्ता त्या पगारावर काढू नका. चांगली कामं होतातच. गोव्यात सरकार आणि एका स्वयंसेवी संस्थेनं मिळून वर्षानुवर्षं कुत्र्यांना लस टोचली आणि 2021 मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित जाहीर झालं. आपल्याकडेही दारं उघडतायत. राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची पायाभरणी 11 डिसेंबर 2022 ला नागपुरातच झाली. जागतिक महामारी निधीतून देशाच्या पशुआरोग्यासाठी अडीच कोटी डॉलर मंजूर झाले, 2024 मध्ये ते काम सुरू झालं. तिथं माणसं लागतील. त्यांना गोठा माहीत असावा, एवढीच माझी अपेक्षा.

बरा झाल्यावर मी त्या गाईवाल्याकडे गेलो. गाईचा रक्तजल नमुना पाठवला, पॉझिटिव्ह आला. अहवालात गाय होती, गोठा होता, माणसं नव्हती. पशुसंवर्धनाच्या फॉर्ममध्ये त्यांचा रकानाच नाही. ओट्यावर मालकाची आई गुडघे चोळत बसली होती. दोन वर्षांपासून दुखतात म्हणे, अधूनमधून ताप. मी विचारलं, आजी, गोठ्याचं कोण करतं? "म्याच करतो. वार बी म्याच फेकतो." आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी नव्हती, म्हणून तिला मोटारसायकलवर मागं बसवून वर्ध्याला नेलं. तिचंही रक्त तसंच निघालं. गोळ्या सुरू झाल्या. मी दर रविवारी फोन करून विचारायचो, तिनं एकही चुकवली नाही.

सहा आठवडे संपले तेव्हा तिनं मला विचारलं, "मी बरी झाली. मंग गाईचं काय करू बापू?"

गाईला उपचार नाही. काही देशांत असं जनावर मारून सरकार भरपाई देतं. इथं गोवंश हत्याबंदीचा कायदा आहे, आणि तो नसता तरी त्या घरानं ते केलं नसतं. बाजारात विकली तर रोग पुढच्या गोठ्यात. मी म्हटलं, वेगळी बांधा, दूध उकळूनच घ्या, पुन्हा गाभण राहू देऊ नका, विकू नका. आजीनं ऐकून घेतलं. गाय आता गोठ्याबाहेर कडुनिंबाखाली असते, कुटार खाते, दूध देत नाही. मालक दर वेळी विचारतो, असं किती दिवस पोसायची साहेब?

परवा पुन्हा विचारलं. मी चहा घेतला आणि हातमोज्यांचं एक पाकीट त्याच्या ओट्यावर ठेवून निघालो.