चाफ्याच्या फांद्या आत्ता कापा, बहाव्याच्या शेंगाही आत्ताच उतरवा

बंगले, सोसायट्या आणि रस्त्यांच्या कडेसाठी लहान फुलझाडांना पावसाळ्यात गिऱ्हाईक येतं. रोपवाटिकेत त्याची तयारी मात्र मे महिन्यातच करावी लागते.

चाफ्याची (देवचाफा, सोनचाफा नव्हे) फांदी अंगठ्याएवढी जाड, करड्या सालीची, एक ते दीड फुटाची घ्यावी. कोवळा हिरवा शेंडा सडतो, तो नको. पानं काढा. चीक डोळ्यांना आणि त्वचेला झोंबतो, त्यामुळे हातमोजे घाला. कापलेल्या फांद्या सावलीत आठ-दहा दिवस उभ्या करून ठेवा. कापाचं तोंड सुकून कडक झालं की मगच लावा. ही घाई बहुतेकांना नडते: ओला काप मातीत गेला की खालून काळा पडत वर चढतो. निम्मी वाळू असलेल्या मिश्रणात तीन-चार इंच खोल लावून काठीचा आधार द्या. लावताना एकदा पाणी, त्यानंतर नवी पानं फुटेपर्यंत अगदी बेताचं. पावसाची संततधार लागली तर कुंड्या छपराखाली घ्या. बुंधा बोटाने दाबल्यावर मऊ लागला, तर पांढरा निरोगी भाग येईपर्यंत कापा, पुन्हा सुकवा आणि नव्याने लावा.

बहाव्याच्या काळ्या, खडखडणाऱ्या शेंगा झाडावर असतात, त्या फोडा. आत चिकट काळ्या गराच्या चकत्यांमध्ये एकेक बी बसलेली असते. गर धुऊन टाका. बीचं कवच इतकं टणक की तशीच पेरली तर महिनोन्‌महिने हलत नाही. पॉलिशपेपरवर एका कडेला घासून तिला खरवडा, मग रात्रभर कोमट पाण्यात ठेवा. सकाळी फुगलेल्या बिया लगेच पेरा, न फुगलेल्या पुन्हा घासा. तीव्र आम्लाची प्रक्रियाही आहे, पण घरगुती रोपवाटिकेत ती करू नये, असं माझं मत.

बहाव्याचं सोटमूळ खोल जातं. पिशवीच्या तळातून मूळ बाहेर डोकावलं की रोप मोठ्या पिशवीत हलवा. तळाशी गुंडाळलेल्या मुळांचं झाड पुढे वाऱ्यात कलतं, आणि दोष मात्र लावणाऱ्यावर येतो.

तामण, आपलं राज्यपुष्प, बियांपासून सहज येतं. हिवाळ्यात गोळा केलेलं पंखवालं हलकं बी असेल तर वाफ्यावर विखरून वरून चाळलेल्या मातीचा पातळ थर द्या. खोल पुरू नका.

पावसाळ्यात चाफ्याच्या पानामागे नारिंगी भुकटी दिसली तर तो तांबेरा. रोगट पानं तोडून जाळा, रोपांत अंतर ठेवा आणि पाणी पानांवर न मारता बुडाशी द्या. बहाव्याची कोवळी पानं हिरव्या अळ्या खातात. रोपं थोडी असतील तर हाताने वेचल्या तरी पुरे.

विकताना गिऱ्हाइकाची जागा विचारून घ्या. विजेच्या तारांखाली बहावा देऊ नका, तिथे चाफा द्या.