व्हाइटहॉर्स ते डॉसन : युकॉन नदी होडीने उतरताना

युकॉन नदी कॅनडात ब्रिटिश कोलंबियाच्या उत्तर टोकाला उगम पावते आणि सुमारे ३,१९० किलोमीटर वाहून अलास्कातून बेरिंग समुद्राला मिळते. होडीने उतरायचा सर्वांत रुळलेला टप्पा म्हणजे व्हाइटहॉर्स ते डॉसन, ७१५ किलोमीटर. या टप्प्यात नाव घेण्याजोगे खळाळ दोनच, आणि पहिल्यांदा येणाऱ्यांची सगळी धास्ती त्या दोघांवर खिळलेली असते. खळाळ काही मिनिटांत संपतात. माणसं गोत्यात येतात ती लाबार्ज सरोवरावर, गार पाण्यात आणि काठाला लागण्याच्या घाईत. तयारीचा भर तिथे द्या.

नदीवरचा बर्फ मे महिन्यात फुटतो, पण लाबार्जवरचा जूनच्या सुरुवातीपर्यंत टिकू शकतो. म्हणून जूनच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंतचा काळ धरावा. जूनअखेरीस रात्र अशी होतच नाही, त्यामुळे वारा पडला की रात्री अकरालाही वल्हवता येतं. प्रवाह साधारण ताशी ६ ते १० किलोमीटर असतो. बेताने गेलं तर १४ ते १६ दिवस लागतात. शिधा मात्र त्याहून तीन दिवसांचा जास्त घ्या, कारण वारा सुटला की सरोवरावर दोन दिवस बसून राहावं लागतं. वेळ कमी असेल तर वाटेतल्या कारमॅक्स गावापर्यंतचे ३२० किलोमीटर सात-आठ दिवसांत होतात, आणि तिथे गाडीरस्ता आहे.

दोघांसाठी पाच मीटरच्या आसपासची उघडी कनू सामान घेऊन नीट चालते. दोन वल्ही हातात, तिसरं हाताशी येईल असं बांधलेलं. दोन्ही टोकांना १५-१५ मीटर दोर. सामान जलरोधक पिशव्यांत भरून होडीला बांधा, आणि मागची बाजू किंचित जड ठेवा, म्हणजे पाठीमागून वारा आला तरी नाक भरकटत नाही. अस्वलाला पळवायचा मिरचीचा फवारा आणि स्टोव्हचा गॅस विमानात नेता येत नाही. दोन्ही व्हाइटहॉर्सलाच घ्यावे लागतात. मोबाइल बहुतेक वाटेवर चालत नाही, म्हणून उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र हवंच. निघण्याआधी मार्ग आणि पोहोचायची तारीख कुणाकडे तरी लिहून द्या.

सुरुवात धरणाच्या खालून होते. ज्या पांढऱ्या खळाळावरून व्हाइटहॉर्सला नाव मिळालं, तो १९५८ च्या धरणाखाली बुडाला. डॉसनजवळच्या क्लोंडाइक भागात सोनं सापडल्यावरच्या धावपळीत, १८९८ च्या मे अखेरीस नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या बेनेट सरोवराचा बर्फ फुटल्यावर हजारो घरगुती होड्या या वाटेने निघाल्या. माइल्स घळ आणि त्या खळाळात अनेक फुटल्या, माणसं बुडाली. तेव्हा पोलीस अधिकारी सॅम स्टील यांनी नियम घातला की जाणत्या वाटाड्यानेच होडी न्यायची, बायका-मुलांनी काठाने चालायचं.

धरणापासून लाबार्जच्या तोंडापर्यंत एक दिवस. पुढचं सरोवर सुमारे ५० किलोमीटर लांब, दक्षिणोत्तर पसरलेलं, आणि वारा बहुधा दक्षिणेकडून येतो, म्हणजे तुमच्या पाठीमागून. फसगत इथेच होते. दक्षिण टोकाला पाणी शांत दिसतं, वारा ढकलतो, मजा वाटते. पण लाटांना वाढायला जितकं अंतर मिळेल तितक्या त्या उंच होतात. उत्तरेकडे सरकता सरकता मागची लाट होडीत शिरू लागते आणि वळायला जागा उरत नाही. म्हणून पहाटे निघा किंवा संध्याकाळी वारा पडल्यावर. उजवा, म्हणजे पूर्वेचा काठ धरा आणि तो सोडू नका. पोहून गाठता येईल इतकंच अंतर ठेवा. खाडीचं तोंड सरळ कापायचा मोह आवरा. लाटांवर पांढरा फेस दिसू लागला की लगेच काठाला लागा. फेस वाढेपर्यंत वाट पाहिली तर दगडी काठावर लाटा आपटत असताना उतरावं लागतं.

सरोवराचं पाणी का टाळायचं, हे आकड्यांत सांगितलेलं बरं. गार पाण्यात पडल्यावर पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात येत नाही, नंतरची साधारण दहा मिनिटं हातपाय उपयोगी पडतात, आणि शुद्ध हरपायला तासभर लागू शकतो. जीवरक्षक जाकीट अंगावर असेल तरच तो तास मिळतो. होडीत ठेवलेलं जाकीट कामाचं नाही.

सरोवर संपलं की सुमारे ४८ किलोमीटरचा ‘थर्टी माइल’ टप्पा लागतो. सरोवरात गाळ बसून गेल्यामुळे इथलं पाणी हिरवं-निळं आणि तळ दिसेल इतकं नितळ. सगळ्या वाटेतला हा सर्वांत देखणा भाग आहे. घाई करू नका. टेस्लिन नदी मिळते त्या हूटालिंक्वाजवळच्या बेटावर ‘एव्हलिन’ ही जुनी वाफेची बोट झाडांत उभी आहे. तिच्यावर चढू नका, लाकूड कुजलेलं आहे. काठावरचे जुने डबे, खिळे, बाटल्या कायद्याने संरक्षित आहेत; जिथल्या तिथे राहू द्या.

काठाला लागताना नियम एकच: नाक प्रवाहाच्या उलट वळवा आणि वल्हवत हळूहळू काठाकडे सरका. आडव्या होडीने काठाला टेकलात तर प्रवाह खालची कड उचलतो आणि होडी भरते. वळणाची बाहेरची बाजू टाळा. तिथे काठ खचून झाडं पाण्यावर आडवी झालेली असतात. पाणी त्यांच्या फांद्यांतून जातं, माणूस अडकतो.

मुक्कामाला बेटाचं वरचं टोक उत्तम: वारा लागतो, डास कमी. पण तिथे प्रवाह जोरात असतो, म्हणून होडी बेटाच्या कडेला संथ पाण्यात लावा आणि सामान चालत न्या. रात्री नदी चढू शकते. होडी उचलून वर ठेवा आणि झाडाला बांधा. चूल तंबूपासून शंभर मीटरवर, अन्नाचे घट्ट झाकणाचे पिंप त्याहून लांब. टूथपेस्टही पिंपात, कारण अस्वलाला तिचाही वास येतो.

कारमॅक्सनंतर साधारण ३८ किलोमीटरवर फाइव्ह फिंगर खळाळ. चार खडक नदीचे पाच फाटे करतात. त्याच्या बऱ्याच आधीपासून उजवा काठ धरा आणि सर्वांत उजव्या फाट्यात शिरा. वाफेच्या बोटीही तिथूनच जात, आणि उलट्या दिशेला दोराने ओढल्या जात. गुडघ्यांवर बसा, होडी फाट्याच्या मध्यावर, नाक सरळ. लाटांत वल्हवणं थांबवू नका. गती गेली की होडी आडवी होते. खडकांमागे दोन्ही बाजूंना भोवरे असतात, त्यांच्यापासून दूर राहून सरळ पुढे जा. रिंक खळाळ थोडं खाली आहे. तिथेही उजवीकडे.

मिंटो या पुढच्या ठिकाणानंतर डॉसनपर्यंत रस्ता नदीला भेटत नाही. पेली नदीच्या संगमावरच्या फोर्ट सेल्कर्कला अर्धा दिवस तरी थांबा. फरचा व्यापार करणाऱ्या हडसन बे कंपनीच्या रॉबर्ट कॅम्पबेल यांनी इथल्या संगमावर १८४८ मध्ये ठाणं बांधलं, आणि १८५२ मध्ये किनाऱ्याकडच्या चिल्कॅट या मूळनिवासी लोकांनी, आपला व्यापार हिरावला जातो म्हणून, ते लुटलं. पुढे कापलेल्या काठांत मातीच्या वरच्या थराखाली पांढरी रेघ दिसेल. ती सुमारे १,२०० वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीची राख.

व्हाइट नदी मिळाल्यावर पाणी दुधाळ होतं आणि गाळ होडीच्या तळाला घासल्याची सरसर ऐकू येते. गाळणीचं यंत्र इथे तासाभरात तुंबतं. स्वच्छ ओढ्यांचं पाणी भरून घ्या, नाहीतर बादलीत रात्रभर निवळू द्या, मग वरचं पाणी उकळा. नदी इथे अनेक फाट्यांत पसरते. पाण्याचा वेग आणि काठाची उंची पाहून मुख्य धार निवडा, उथळ फाट्यात अडकलात तर होडी ओढावी लागते.

चिनूक सॅमनच्या मासेमारीचा विचार करू नका. संख्या कोसळल्यामुळे कॅनडा आणि अलास्का यांनी २०२४ मध्ये सात वर्षांची बंदी मान्य केली आहे. क्लोंडाइक हे नावच इथल्या मूळनिवासी ट्रॉन्डेक ह्वेचिन लोकांच्या भाषेतून आलेलं आहे. सॅमनसाठी पाण्यात खुंट ठोकायच्या दगडी हातोड्याशी त्याचा संबंध आहे.

डॉसनमागच्या डोंगरावर दरड कोसळल्याची मोठी फिकट खूण लांबून दिसते. ती दिसली की लगेच उजव्या काठाकडे सरका. क्लोंडाइक नदी उजवीकडून मिळते, लगेच शहर लागतं, आणि शहराच्या खालच्या टोकाला गाड्या वाहणारी फेरीबोट नदी ओलांडत असते. उतरायचं तिच्या वरच्या बाजूला.