मॉडेल ट्रॅक्टरचे टायर रिम विरघळवतात, त्यावर उपाय

लक्षण: १:२४ मापाच्या फर्ग्युसन टीई२० ट्रॅक्टरच्या मॉडेलचा मऊ काळा टायर प्लॅस्टिकच्या रिमला चिकटतो. ओढून काढला तर रिमचा पृष्ठभाग मेणासारखा चिकट आणि खड्डे पडलेला दिसतो. टायर मऊ राहावा म्हणून विनाइलमध्ये मिसळलेलं प्लॅस्टिसायझर हळूहळू बाहेर येतं आणि रिमचं प्लॅस्टिक, म्हणजे पॉलिस्टायरिन, मऊ करतं.

टाल्कम पावडर लावली, उपयोग नाही. इनॅमल रंगाचा जाड थर दिला, तर रंगच चिकट झाला. इतकं मन लावून जोडलेलं मॉडेल असं खराब होताना बघून फार वाईट वाटलं.

शेवटी धातूचा पडदा कामी आला. आधी चाक कोमट पाण्यात ठेवून टायर सैल केला. उकळतं पाणी अजिबात नको, पॉलिस्टायरिन १०० अंशांच्या आसपास वाकतं. रिमवरचा मऊ थर कडक प्लॅस्टिक लागेपर्यंत खरवडला, नंबर ४०० आणि मग ८०० चा पॉलिश पेपर फिरवला. खड्डे इपॉक्सी पुट्टीने भरले आणि ती पूर्ण वाळू दिली.

मग टायर टेकतो त्या सगळ्या भागावर ॲल्युमिनियम फॉइल टेप गुंडाळली, टोकं २ मिमी एकमेकांवर. टूथपिकने ती खाचेत आणि दोन्ही कडांवर घट्ट दाबली; कडेला उघडं प्लॅस्टिक राहिलं की तिथूनच पुन्हा सुरुवात होते. टायर साबणाने धुऊन, कोरडा करून बसवला. नवीन किट जोडताना रंगकाम झालं की लगेच ही टेप लावावी. पुढची छोटी चाकंही सोडू नयेत.