दुसरा अल्बम रेकॉर्ड करताय? आम्ही केलेल्या या चुका टाळा

आमच्या बँडच्या पहिल्या अल्बमची गाणी आम्ही तीन वर्षं कॉलेजच्या फेस्टिवलला आणि नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या कॅफेत वाजवून वाजवून घासली होती, कुठे पब्लिक सोबत गातं आणि कुठे मोबाईल काढून बसतं ते पाठ होतं. दुसऱ्या अल्बमची सहा गाणी लॅपटॉपवर बनली आणि तशीच थेट स्टुडिओत गेली, सगळ्यात मोठी चूक हीच. तिथे तासाचं मीटर चालू असताना कळलं की ड्रमरला १५२ बीपीएम (मिनिटाला १५२ ठोके) मस्त वाटतंय पण गायकाला दुसऱ्या कडव्यात श्वासच पुरत नाहीये. नवीन गाणं आधी दहा लोकांसमोर तरी वाजवा, मोबाईलवर रेकॉर्ड करून दोन दिवसांनी ऐका, टेम्पो (वेग) आणि स्केल (पट्टी) वहीत लिहा, मगच बुकिंग करा.

पैसे वाचवायला ड्रम्स सातपूरला मित्राच्या गाळ्यात घेतले, तेही ऐन पावसाळ्यात. भिंतींना फोम लावला म्हणजे झालं असं वाटलं होतं, पण फोम फक्त आत घुमणारा आवाज खातो, बाहेरचा अडवायला जड भिंतच लागते. पत्र्यावरचा पाऊस सगळ्या माइकमध्ये आला, आणि पाऊस थांबला तर गणपतीसाठी पथकाची प्रॅक्टिस सुरू! नाशिक ढोल आपला जीव की प्राण आहे, पण आपल्या शांत इंट्रोमध्ये ताशा नको ना. त्यामुळे नाशकात ड्रम्स उन्हाळ्यातच उरकून घ्या.

स्नेअर, म्हणजे ड्रम किटमधला कडक वाजणारा ड्रम, पातळ, कागदी वाटतोय? लगेच ईक्यू (आवाजाचा जाड-बारीकपणा बदलणारी बटणं) फिरवू नका. वर आणि खाली असे दोन माइक असतील तर खालच्याचं फेज बटण (आवाजाची लहर उलटी करणारं) दाबून बघा, कारण कातडं एकाकडून लांब जातं तेव्हा दुसऱ्याच्या जवळ येतं आणि दोन्ही आवाज एकमेकांना मारतात. आम्ही यात अख्खी संध्याकाळ घालवली, बटण दाबलं आणि स्नेअर छातीवर आला.

घरी घेतलेली गिटार स्टुडिओत साधारण दीड सेमीटोन (कीबोर्डवरच्या शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे एक सेमीटोन) वर आणि फास्ट वाजत असेल तर बहुतेक सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले ते) जुळत नाहीये: फाइल ४४.१ किलोहर्ट्झची आणि प्रोजेक्ट ४८ चं आहे. पिच खाली ओढत बसू नका, सॅम्पल रेट कन्व्हर्ट करून परत इम्पोर्ट करा.

आणि कुठल्या गाण्यात शब्द कोणाचे, चाल कोणाची, किती टक्के, हे पहिल्या टेकच्या (रेकॉर्डिंगच्या) आधी लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. आम्ही मिक्सिंगनंतर बोलायला बसलो आणि बेसिस्ट दोन महिने प्रॅक्टिसला आला नाही.