ई-मेल शोधणारी सेवा डेटाबेसला जोडताना या चुका टाळा

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत सुटे भाग बनवणाऱ्या एका लहान कारखान्यासाठी मी एन-एट-एन या कामे आपोआप करून घेणाऱ्या साधनात एक वर्कफ्लो (कामांची साखळी) बांधला होता. खरेदी अधिकाऱ्याचे नाव आणि कंपनीचे डोमेन (ई-मेलमध्ये @ नंतर येणारा भाग) घ्यायचे, हंटर या ई-मेल शोधणाऱ्या सेवेला पत्ता विचारायचा आणि आलेले उत्तर मायएसक्यूएल या डेटाबेसच्या टेबलात नोंदवायचे, एवढेच त्याचे काम होते. पहिल्या दिवशी प्रत्येक टप्प्यावर हिरवी खूण दिसली. तिसऱ्या दिवशी टेबल उघडले, तेव्हा एकाच गृहस्थांच्या चार नोंदी होत्या. दोन नोंदींत वेगवेगळे पत्ते होते, दोन कोऱ्या होत्या, आणि त्यांतला भरवशाचा पत्ता कोणता हे सांगणारे टेबलात काहीच नव्हते. जोडणीत दोष नव्हता. टेबलाची रचना मी चुकीची केली होती.

पहिली चूक नावापासूनच सुरू होते. आपल्याकडच्या अनेक याद्यांमध्ये आधी आडनाव, मग स्वतःचे नाव आणि शेवटी वडिलांचे नाव लिहितात. पूर्ण नाव मोकळ्या जागेवर तोडून पहिला तुकडा नाव आणि शेवटचा तुकडा आडनाव म्हणून पाठवला, की सेवा आडनावालाच नाव समजते, वडिलांच्या नावाला आडनाव धरते आणि कधीच अस्तित्वात नसलेल्या माणसाचा पत्ता शोधत बसते. यादी देवनागरीत असेल तर अडचण वाढते, कारण ज्ञानेश्वर हे नाव रोमन लिपीत कोणी ‘डी’ने सुरू करतात तर कोणी ‘जी’ने, आणि यंत्राने केलेले लिप्यंतर त्यांतले एकच रूप निवडते. म्हणून मूळ देवनागरी नाव एका रकान्यात जपावे आणि त्या व्यक्तीच्या कार्डावर किंवा कंपनीच्या संकेतस्थळावर असलेले रोमन स्पेलिंग नाव व आडनाव अशा दोन वेगळ्या रकान्यांत ठेवावे. मायएसक्यूएलमध्ये ८.० या आवृत्तीच्या आधी मूळ कॅरेक्टर सेट (अक्षरे साठवण्याची पद्धत) लॅटिन-१ होता, ज्यात देवनागरी बसत नाही. तसा जुना सर्व्हर असेल तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात. टेबल आणि जोडणी, दोन्ही यूटीएफ-८-एमबी-४ वर आणावीत.

डोमेनच्या रकान्यात जीमेलसारखे मोफत मेलचे डोमेन पाठवू नये. लातूरच्या डाळमिल असोत की जालन्यातील लहान बियाणे विक्रेते, पुष्कळांचा व्यवहार मोफत मेलवरच चालतो, आणि ही सेवा कंपनीच्या स्वतःच्या डोमेनवरच काम करते. अशा नोंदी विचारणा होण्याआधीच बाजूला काढाव्यात.

सर्वांत जास्त नुकसान पुनरावृत्तीच्या चुकीने होते. ई-मेलच्या रकान्याला ‘यूनिक’ म्हणजे तेच मूल्य दुसऱ्यांदा न घेण्याचे बंधन घातले की काम झाले, असे मलाही वाटले होते. पण मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस या दोन्ही डेटाबेसमध्ये अशा रकान्यात ‘नल’ म्हणजे कोरे मूल्य कितीही वेळा चालते. पोस्टग्रेसने १५व्या आवृत्तीपासून ते रोखण्याचा पर्याय दिला, पण तो मुद्दाम निवडावा लागतो. त्यामुळे पत्ता न मिळालेल्या व्यक्तीची प्रत्येक फेरीत नवी कोरी नोंद पडते, आणि उद्या वेगळा पत्ता मिळाला तर तीच व्यक्ती दुसऱ्यांदा टेबलात येते. ओळख व्यक्तीच्या क्रमांकावर ठेवावी आणि नोंद करताना, ती आधीच असेल तर तीच बदलली जावी म्हणून, मायएसक्यूएलमध्ये ‘ऑन डुप्लिकेट की अपडेट’, तर पोस्टग्रेसमध्ये ‘ऑन कॉन्फ्लिक्ट’ वापरावे. तरीही एक धोका उरतो: या फेरीत सेवेने रिकामे उत्तर दिले, तर ते गेल्या महिन्यात मिळालेल्या चांगल्या पत्त्यावर जाऊन बसते आणि तो पत्ता पुसला जातो. ‘कोअलेस’ वापरून नवे मूल्य असेल तर नवे, नसेल तर जुने, असे लिहिल्यास हा घात टळतो.

मिळालेला पत्ता हा अनेकदा अंदाज असतो, आणि सेवा त्याच्यासोबत विश्वासाचा गुणांकही पाठवते. तो गुणांक, पडताळणीची स्थिती आणि तारीख न साठवता केवळ पत्ता साठवला, तर अंदाज आणि खात्री यांतला फरक टेबलातून कायमचा नाहीसा होतो. काही कंपन्यांचे सर्व्हर कोणत्याही नावाने आलेली मेल स्वीकारतात. तिथे ‘पत्ता चालतो’ या उत्तराला फारसा अर्थ नसतो.

‘सापडला नाही’ आणि ‘विचारताच आले नाही’ या दोन गोष्टी कधीही एका खुणेखाली ठेवू नयेत. हंटरकडून ४०३ हा कोड आला, तर आपण ठरलेल्या वेगापेक्षा जास्त विचारणा केल्या एवढाच त्याचा अर्थ होतो. अशा नोंदी काही वेळ थांबून पुन्हा पाठवायच्या असतात. चिकलठाण्याच्या कार्यालयातील संगणकावर वर्कफ्लो चालू असताना तीनशे नावांपैकी एकशे चाळिसाव्यावर वीज गेली, तर पुढे कुठून सुरू करायचे हे स्थितीचा रकानाच सांगू शकतो. तो नसेल तर पहिल्या नावापासून पुन्हा विचारावे लागते आणि महिन्याचा कोटा वाया जातो.

जोडणीच लागत नसेल, तर आधी होस्टचे नाव तपासावे. एन-एट-एन डॉकरमध्ये, म्हणजे प्रोग्राम ‘कंटेनर’ नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवणाऱ्या व्यवस्थेत चालत असेल, तर ‘लोकलहोस्ट’ म्हणजे तो कंटेनरच, तुमचा संगणक नव्हे. त्यावर उपाय म्हणून ३३०६ (मायएसक्यूएल) किंवा ५४३२ (पोस्टग्रेस) हे डेटाबेसचे पोर्ट साऱ्या इंटरनेटला खुले करू नये. वर्कफ्लोसाठी त्या एकाच टेबलापुरते अधिकार असलेला वेगळा वापरकर्ता तयार करावा आणि नावे क्वेरीत (डेटाबेसला दिलेल्या आज्ञेत) थेट न जोडता पॅरामीटर म्हणून, म्हणजे आज्ञेपासून वेगळी, पाठवावीत. डिसूझासारख्या आडनावाच्या रोमन स्पेलिंगमधील अपॉस्ट्रॉफी या एका चिन्हामुळे माझी आख्खी फेरी थांबली होती.

एखाद्या व्यक्तीने आपली माहिती देऊ नये असे कळवले असेल, तर हंटर ४५१ हा कोड देते. अशी नोंद काढून टाकली, तर पुढच्या फेरीत यादीतून तेच नाव पुन्हा येते आणि पुन्हा विचारले जाते. पत्त्याचा रकाना रिकामा करून स्थितीत ‘संपर्क नको’ असे लिहावे, आणि विचारणेच्या आधीच ती स्थिती तपासणारी अट घालावी.